सोनमने अडकलेले तेवढेच बंद केले

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कधीकाळी पांढरा होतो, आता पार पिवळटलो आहे.

माझी उमेदीची वर्षे हिंगणघाटच्या एका संगणक वर्गात गेली. कितीतरी मुले माझ्यावर टायपिंग शिकली. पण एखादा प्रोग्राम अडकला, की कोणीतरी सरळ बटणच बंद करायचे. सेव्ह न केलेले सगळे त्याबरोबर पुसले जायचे. पुढे नवी यंत्रे आली आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. शेवटी तिथल्या मंजुषा मॅडमनी मला त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीला, सोनमला, देऊन टाकले.

सोनमचे घर केळझरजवळ, जंगलालगत. तिच्या रुखमा आत्याला झाडापाल्याची कितीतरी गोंडी नावे ठाऊक होती. घरात दुसऱ्या कोणाला ती येत नव्हती. एका दुपारी आत्या सांगत गेली आणि सोनम लिहीत गेली. तीन तासांनी एका पानाचे चित्र पाहायला तिने दुसरा प्रोग्राम उघडला, आणि मी थिजलो. पडद्यावर नुसते वाळूचे घड्याळ! एवढ्या नावांपैकी एकही तिने सेव्ह केले नव्हते.

“वायर काढू का?” तिचे बाबा, घनश्याम, उठलेच.

“नाई बाबा! वायर काढली तं आत्यानं सांगितलेलं सारं जाईन.”

“मले पुन्हा एवढं आठवणार नाई वं,” आत्या हळूच म्हणाली.

सोनमने कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबल्या. एकदाच! घाईने पुन्हा दाबल्या असत्या, तर मी सगळेच बंद करून नव्याने सुरू झालो असतो. ती हात मांडीवर ठेवून बसली. मी कसाबसा चालू प्रोग्रामांची यादी दाखवली. चित्राच्या प्रोग्रामापुढे ‘प्रतिसाद नाही’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे होती. तिने तेवढाच निवडला आणि बंद केला.

मागे आत्याची नावे जशीच्या तशी होती.

सोनमने आधी ती सेव्ह केली, मग डोळे पुसले. आत्याने माझ्या गरम पाठीवर हात ठेवला. “सांभाळून ठेवजो बापा.”

इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी असे बोलले नव्हते. वायर न काढता धीर धरणाऱ्या सोनमचे उपकार मी कसे फेडू?

मित्रांनो, आम्ही अडलो, तर जरा धीर धरा. अडले असेल तेवढेच बंद करा. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत आत्याची दोनशे अकरा नावे लिहून झाली.