गाडी सुटेपर्यंत

मी जुनी खुर्ची आहे, चाकांची, आणि खुर्ची असूनही मला एका जागी बसवत नाही. मित्रांनो, यात सगळा दोष माझा नाही. माझ्या पाच चाकांपैकी एक तिरपं झालं आहे आणि सौसरच्या या ऑफिसातली फरशी दाराकडे उतरती आहे. माझ्यावरचं माणूस उठलं की मी आपली हळूहळू सरकू लागते. लोक हसतात. पण खरं सांगू का, माणसंच इतकी अस्वस्थ होऊन माझ्यावर बसली, की ती अस्वस्थता माझ्याही अंगात मुरली.

माझा जन्म नागपूरच्या एका कारखान्यातला. लोखंडी नळ्या, फोम आणि काळं कापड यांतून मला घडवलं. बसल्या बसल्या वर-खाली करता यावं म्हणून मधल्या दांड्यात गॅस भरला. तेव्हा मी काय ऐटीत होते! माझी पहिली नोकरी पांढुर्ण्यात एका वकीलसाहेबांकडे लागली. साहेब बहुतेक वेळ कोर्टात, त्यामुळे मला काम थोडं आणि कौतुक फार. येणारा प्रत्येक पक्षकार मला एकदा तरी फिरवून बघायचा. पुढे साहेबांनी उंच पाठीची नवी खुर्ची घेतली आणि मी भिंतीकडे तोंड करून फायलींचा भार वाहू लागले. तिथून मला यशवंतरावांनी उचललं आणि संत्र्याच्या रिकाम्या क्रेटांसोबत गाडीत घालून सौसरला आणलं.

यशवंतरावांचं संत्र्याचं यार्ड आहे. मोहगाव, रामाकोना अशा गावांतून इथे संत्री येतात. बाया ती निवडतात, क्रेटांत भरतात आणि गाड्या दूरदूरच्या बाजारांत जातात. या यार्डाची एक जुनी रीत होती. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत कोणी उठायचं नाही. गुणवंता नावाचा मुकादम गाडीच्या मागच्या फळीवर थाप मारून "गाडी सुटली" असं ओरडायचा, मगच सगळे हात धुवायचे. यशवंतराव, त्यांची बायको सुधाकाकू आणि घरचीच चार माणसं यार्डात राबायची, त्या वेळची ही रीत. तेव्हा दिवसाला एक गाडी भरायची आणि ऊन कलायच्या आत ती निघायचीसुद्धा.

मग धंदा वाढला. थंड खोली बांधली, वजनकाटा आला. एक गाडी दिल्लीकडे निघाली की दुसरी हैदराबादसाठी फाटकात उभीच. रीत मात्र तशीच राहिली. सहा वाजता सुट्टी, असं दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण ती पाटी वाचायला कोणाला फुरसत होती?

मी आले तेव्हा ऑफिसात तिघं होती. एकीचं लग्न होऊन ती नागपूरला गेली, एकाला बँकेत नोकरी लागली. उरली भाग्यश्री. मोहगावची सून, रोज स्कूटीवरून यायची. त्या दोघांची टेबलं ओढून तिच्या टेबलाला जोडली आणि तिघांचं काम तिच्या गळ्यात पडलं. नवा माणूस कधी येणार, असं तिने विचारलं की यशवंतराव म्हणायचे, पाहून राहिलो. दोन हंगाम ते पाहूनच राहिले होते. मी या टेबलाकडून त्या टेबलाकडे घरंगळत होते. तिच्या पायाला भिंगरी आणि माझ्या पायाला चाकं, अशी आमची जोडी जमली.

जास्तीच्या वेळेबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे. काढणार कसं? भाग्यश्री यशवंतरावांना काकाजी म्हणायची. दिवाळीत त्यांनी सगळ्यांसमोर तिला शाल आणि नारळ दिला, ही आमची तिसरी पोरगी म्हणाले. तिला माझ्यावर बसवून फोटोही काढला. संध्याकाळी गाडी लांबली की यार्डामागच्या घरातून सुधाकाकू पोह्यांची ताटली आणायच्या. बाहेरच्या माणसाला पगार द्यावा लागतो मित्रांनो, घरच्याला पोहे पुरतात.

याच सुमारास माझ्या दांड्यातला गॅस गळू लागला. सकाळी मी ताठ असायची, पण ती बसून जरा वेळ होतो न होतो तोच मी खाली जायची. तिची हनुवटी टेबलाला टेकायची वेळ यायची. मग ती उठायची, खटका ओढून मला वर घ्यायची आणि पुन्हा बसायची. एकदा तिने काकाजींना सांगून पाहिलं. त्यांनी मला हाताने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "चालते ना अजून." मला फार वाईट वाटलं. तिला काय वाटलं ते तिने सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून तिचा उजवा पाय टेबलाखाली हलू लागला. फोन वाजला की हलायचा, फोन थांबला की जास्तच हलायचा. तो हलायचा आणि माझा स्क्रू न् स्क्रू कुरकुरायचा.

मोहगावला तिचा नवरा मंगेश शाळेत मास्तर आहे. संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि ती सांगायची की निघूनच राहिली आहे. तेव्हा निघायचं नावही नसायचं. तोही ओळखून असायचा, हो म्हणून फोन ठेवायचा.

मग एक दिवस ती माझ्यावर वेगळीच बसली. आधी हात टेकले, मग सावकाश अंग सोडलं. टेबलावर वाकायची ती मागे रेलून काम करू लागली. तिला दिवस गेले होते. यार्डात ही गोष्ट सगळ्यांच्या आधी मला कळली, आणि मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण बोलणार कोणाला आणि कसं?

तीही बोलली नाही. तिच्या आधी इथे काम करणाऱ्या एकीने असंच सांगितलं होतं. तेव्हा काकाजी मायेने म्हणाले, तू आता आराम कर. आराम संपवून ती परत आली तेव्हा तिची जागा भरली होती. भाग्यश्रीला नोकरी सोडायची नव्हती. हंगाम संपला की सांगीन, असं तिने मनाशी ठरवलं. ओढणी पुढे घेऊन ती बसायची. पुढे तिचे पाय सुजू लागले. टेबलाखाली चपला काढून ती तळवे माझ्या लोखंडी पायांवर टेकवायची, गार वाटायचं म्हणून. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब वाढल्याचं सांगितलं होतं. असंच चाललं तर तुलाही धोका आणि बाळालाही, पाय वर घेऊन पडून राहा, असं बजावलं होतं. हे मला कळलं ते मंगेशशी फोनवर बोलताना तिचा आवाज फुटला म्हणून. माझा जीव टांगणीला लागला. मी काय करणार? खाली जाऊ नये म्हणून जोर लावायची, आणि तरी जायचीच.

आणि मग व्हायचं ते झालं. त्या दिवशी दोन गाड्या एकाच वेळी भरून उभ्या होत्या. बिल्टी म्हणजे मालासोबत जाणारा कागद. भाग्यश्रीने दिल्लीची बिल्टी हैदराबादच्या ड्रायव्हरला दिली आणि हैदराबादची दिल्लीच्या. एक गाडी मुलताईच्या पुढे गेल्यावर ड्रायव्हरचा फोन आला. दुसरी नागपूरच्या बाजूला कुठेतरी होती. दोन्ही थांबवाव्या लागल्या आणि माल उन्हात उभा राहिला.

काकाजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते समोरच्या स्टुलावर बसले, डोकं धरून म्हणाले की घरच्या पोरीनं असं केलं तर मी कोणाकडे पाहू. मग त्यांनी ठरवून टाकलं. हंगाम संपेपर्यंत प्रत्येक गाडीचे कागद भाग्यश्रीने स्वतः फाटकावर उभं राहून द्यायचे, शेवटची गाडी सुटेपर्यंत, रविवारीसुद्धा. तिने मान हलवली. तिची बोटं माझ्या हातावर इतकी घट्ट आवळली होती की तिच्या नाडीचे ठोके मला मोजता आले असते. फार जलद होते ते.

तेवढ्यात सुधाकाकू पोहे घेऊन आल्या. ताटली ठेवताना हातातला चमचा निसटून टेबलाखाली गेला. तो घ्यायला त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. त्यांना ते पाय दिसले होते, फुगलेले, चपलेत न मावणारे. वर उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा पार बदलला होता.

"कितवा हाय?" त्यांनी विचारलं.

"सहावा लागला, काकू. बीपी वाढून राहिलं म्हनते डॉक्टरीन."

काकाजी दचकले. "मंग सांगाचं नाही का, पोरी? आपुन काय परके हाओ?"

उत्तर काकूंनी दिलं, आणि आवाज जराही न चढवता दिलं.

"मीबी घरचीच होती. वैभवच्या आंधीचं लेकरू माह्यं याच यार्डात गेलं, संत्रे निवडता निवडता. त्या दिवशीबी गाडी टायमावर सुटली होती. मले कोनी म्हनलं होतं का, ऊठ म्हनून?"

वैभव म्हणजे त्यांचा मोठा मुलगा. त्याच्या आधी कोणी होतं, हे ऑफिसात कोणालाच ठाऊक नव्हतं. काकाजींना ठाऊक होतं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, पण बायकोकडे त्यांना पाहवेना. गुणवंता कागद न्यायला दारात आला होता, तोही तिथेच थबकला.

भाग्यश्री माझ्या हातांवर भार देऊन उभी राहिली. चपला हातात घेतल्या. मग एकेक शब्द स्पष्ट बोलली.

"साहेब, सहा वाजून गेले. मी निघते. उद्या येईन, पण रोज सहालेच निघीन. नाही जमत असंल तं आत्ताच सांगा."

साहेब. हा शब्द तिने त्यांना कधीच म्हटला नव्हता. बिल्ट्यांच्या घोटाळ्याने लागलं नव्हतं इतकं ते काकाजींना लागलं. तिची नोकरी राहते की जाते, मी श्वास रोखून ऐकत होते. काकाजींची नजर दाराबाहेर गेली. बाहेर तिसरी गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती.

"जाय पोरी तू," काकू म्हणाल्या. मग त्यांनी मला काकाजींकडे ढकललं. "अन् तुमी बसा इथं, गाडी सुटेपर्यंत."

काकाजी बसले. आता वजन त्यांचं, त्यामुळे मी झरझर खाली गेले. त्यांचे गुडघे छातीशी आले. खटका कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. "ही खाली काऊन जाते?" त्यांनी विचारलं. गुणवंता म्हणाला, दोन हंगामांपासून जाऊन राहिली. स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला आणि मोहगावच्या दिशेने लांब गेला. अजून उजेड होता. आज मंगेशला खोटं सांगावं लागणार नाही, असं माझ्या मनात आलं.

त्यानंतर बरंच बदललं आणि बरंच तसंच राहिलं. रामाकोन्याची रजनी दुसऱ्या टेबलावर आली. तिसरं टेबल अजून रिकामं आहे आणि त्याच्यासाठी काकाजी माणूस पाहून राहिले आहेत. भाग्यश्रीला रजा मिळाली, जागा राखून ठेवू असा शब्दही मिळाला. बाळ झालं, जरा लवकर झालं, पण आई आणि लेक दोघी धडधाकट आहेत. मला नागपूरहून नवा दांडा आणून बसवला. आता मी ताठ असते. तरी फोन वाजला की मी उगीचच कुरकुरते, ही सवय काही जात नाही. मित्रांनो, खुर्चीचा दांडा बदलता येतो. माणसाला असा सुटा भाग कुठल्या दुकानात मिळत नाही. म्हणून खुर्ची मोडली तर दुरुस्त करा, आणि तिच्यावर बसलेलं माणूस मोडायच्या आधी त्याच्याकडे पाहा.

यार्डाची रीत मोडली म्हणून अजून लोक नाक मुरडतात. गाड्या उशिरा सुटतात, कधी उद्यावर जातात. पण सहा वाजले की सुधाकाकू घरातून निघतात. हल्ली त्यांच्या हातात पोह्यांची ताटली नसते. त्या दारात उभ्या राहतात, आधी रजनीला, मग निवडणाऱ्या एकेका बाईला एकच शब्द सांगतात, "ऊठ." तुमच्याही घरात कोणी तरी अजून कामाला बसलेलं असेल, कारण त्याला कोणी हा शब्द म्हटलेलाच नाही. माझी गोष्ट संपली. जा, त्याला म्हणा.