पक्कं काम

निवृत्त झाल्यावर सासरेबुवा गाडीतल्या स्पीकरांसाठी फायबरचे खोके बनवायला शिकू लागले. जावयाच्या तोंडून "नको" निघेपर्यंत त्याच्या नव्याकोऱ्या गाडीची किल्ली त्यांच्या खिशात गेली होती.

"आधी डिकीला आतून टेप लावा, नाहीतर फायबरवर ओतायचं रेझिन डिकीला कायमचं चिकटेल," असं त्यांना शिकवणाऱ्या मिस्त्रीने चारदा बजावलं होतं. पण तेहतीस वर्षं साहेबकी केलेला माणूस मिस्त्रीचं ऐकतो होय! त्यांनी टेप न लावताच खोका थेट डिकीत घडवला.

दुसऱ्या दिवशी जावयाने बंपरला पाय लावून खोका ओढला. घामाघूम झाला, पण खोका तसूभरही हलेना.

"बघा, काम कसं पक्कं झालंय!" सासरे खूश.

सासूबाई डिकीत डोकावल्या. "अहो, खालची स्टेपनी आधी बाहेर काढली होतीत ना?"

सासरे जावयाकडे वळले. "जावईबापू, तुम्ही गाडी तशी जपूनच चालवता ना?"