विश्वासाचा बिल्ला

रहिमतपूरच्या स्टेशनावर आदगोंडा मगदूम गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या मनात राग होता, आणि रागाच्या तळाशी दुखावलेपण होते. धुळा पळाला होता. माधवनगरच्या पुढे, ज्वारीच्या रानांना टेकून असलेल्या मुलांच्या रिमांड होममधून याआधीही मुले पळाली होती. कुंपणाला तारा कमी आणि भगदाडे जास्त होती. पण धुळा पळाला तो बिल्ला मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. प्रार्थनेनंतर सगळ्या मुलांसमोर अधीक्षक म्हणून आदगोंडाने स्वतःच्या हाताने तो त्याच्या सदऱ्याला लावला होता, आणि टाचणी टोचू नये म्हणून दुसऱ्या हाताचे बोट आतून धरले होते.

हा बिल्ला त्याचीच कल्पना. मराठी घेऊन एम.ए. झालेला, कवितेच्या वह्या उशाशी घेऊन झोपणारा हा तरुण कॉलेजातली नोकरी न मिळाल्यामुळे या कामावर आला होता. आला तेव्हा होममध्ये छडी चालत असे. दुष्काळ नुकताच सरला होता. धान्य चोरले, पितळी भांडे उचलले, गाडीत विनातिकीट सापडले, अशी पोरे कोर्टाकडून येत. त्याने छडी अडगळीत टाकली आणि मिरजेला एका तंबोरे करणाऱ्या कारागिराकडे गेला. त्याच्याकडून भोपळ्याच्या उरलेल्या कवचाची एक गोल चकती कापून घेतली. तिच्यावर लाखेचा तांबूस रंग आणि मधोमध पांढरे इवलेसे पान. ज्याची वागणूक उत्तम, त्याने आठवडाभर ती छातीवर लावायची. आणि नुसती शोभा नको म्हणून तिला एक मान जोडला : बिल्लेवाल्या मुलाने संध्याकाळी हवालदारांच्या खोलीवर जाऊन रेडिओ ऐकायचा.

हवालदार म्हणजे काळजीवाहक नानासो. पलटणीतून निवृत्त होऊन आलेला, ताठ कण्याचा, मिशांना तेल लावणारा माणूस. त्याच्या शिट्टीवर मुले रांगेत उभी राहत. अख्ख्या होममध्ये रेडिओ त्याच्याच मालकीचा होता आणि तो ऐकवायला त्याने मोठ्या आनंदाने होकार दिला होता.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट घडू लागली. बिल्ला ज्याला मिळे, तोच बिघडे. एकाने आमटीच्या पातेल्यात राखेची ओंजळ टाकली. एकाने शिकवायला येणाऱ्या गुरुजींचा हात चावला. सिद्धू तर सगळ्यांत शांत पोर, वांग्याच्या वाफ्याजवळ तासन्‌तास बसून तण काढणारा. बिल्ला लावायला जवळ बोलावले तेव्हा तो हळूच म्हणाला होता, “मला नगं, सायेब. दुसऱ्याला द्या.” आदगोंडाला त्याची ही नम्रता इतकी भावली की त्याने ती सगळ्यांना मोठ्याने सांगितली. दोन दिवसांनी सिद्धूने त्याच्या ऑफिसच्या खिडकीचे तावदान दगड मारून फोडले. बिल्ला काढून घेतला गेला, आणि शिक्षा म्हणून दिवाळीला घरी जाण्याची परवानगीही.

आदगोंडाने यावर पुष्कळ विचार केला होता. ज्याच्या वाट्याला कौतुक कधी आलेच नाही त्याला ते ओझे होते, अंगावरून झटकून टाकावेसे वाटते, असा त्याचा निष्कर्ष. होम चालवणाऱ्या मंडळाच्या बैठकीत त्याने तो वाचूनही दाखवला. त्यातल्या एका वाक्याची लय त्याला स्वतःलाच फार आवडली होती.

रहिमतपूरच्या पोलीस चौकीत धुळा भिंतीला टेकून बसला होता. शेजारी त्याची आत्या राहीबाई. तिनेच त्याला आणून हजर केले होते. घरात ठेवला असता, पण पोलिसांचे भ्या वाटले, असे ती पुन्हापुन्हा सांगत होती. निघताना ती आदगोंडाच्या पाया पडायला वाकली. “आवं सायब, लय मारू नगा त्येला.” आमच्याकडे मारत नाहीत, असे आदगोंडा जरा तुटकपणे म्हणाला. ते खरे होते, आणि खरे असल्याचा त्याला अभिमान होता.

परतीच्या गाडीला अवकाश होता. फलाटावरच्या बाकावर त्याने धुळाला शेंगांची पुडी घेऊन दिली. पोराने ती मांडीवर ठेवली, उघडली नाही. तो बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसला होता. रागवायचे नाही असे ठरवून आदगोंडाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर खांदा असा आत गेला की जणू त्या हाडांना कुठे जायचे ते आधीपासून ठाऊक होते. आदगोंडाने हात मागे घेतला.

मग धुळाने कमरेच्या करगोट्याला बांधलेली चिंधी सोडली. आतून बिल्ला निघाला.

“ह्यो घ्या.”

हरवू दिला नाहीस हे बरे केलेस, असे काहीतरी आदगोंडा बोलला.

“वाटंत टाकनार हुतो,” धुळा म्हणाला. “पर टाकला आस्ता तर तुमी दुसरा केला आस्ता. कुनालाच देऊ नगा आता.”

“का रे?”

मालगाडी आली, डबे मोजता यावेत इतक्या संथपणे गेली. ती गेल्यावर फलाट अधिकच रिकामा वाटला.

“बिल्लेवाल्यानं रेडू ऐकाया जायाचं,” धुळा रुळांकडे बघत म्हणाला. “हवालदार दार लावून घेत्यात. मंग रेडू लय मोठ्यानं लावत्यात.”

  आदगोंडाला आणखी विचारायचे काही उरलेच नव्हते. त्या पोराचे ओठ, पुडीवर गच्च झालेली बोटे, आत गेलेला खांदा, सगळे एकाच दिशेने बोट दाखवत होते. आणि मग त्याला त्याच्या संध्याकाळी आठवल्या. दिवेलागण, ऑफिसच्या टेबलावर अर्धवट कविता, आणि पटांगणाच्या पलीकडून एकाएकी येणारे सांगली केंद्रावरचे गाणे. तो लेखणी खाली ठेवी. एखादे उपेक्षित पोर आता त्या सुरांजवळ बसले असेल, या विचाराने त्याचे डोळे ओलावत. एकदा तर त्याने व्हरांड्यात उभे राहून हाक मारली होती : “हवालदार, आवाज जरा वाढवा की. इथवर नीट पोचत नाही.” नानासो दारात येऊन हसला होता. त्या दिवसापासून आवाज रोज वाढलेला असे.

ते सूर आता त्याच्या कानांत उलटे फिरू लागले, आणि प्रत्येक सुराखाली काहीतरी दबलेले होते. त्याने ते झाकायला स्वतःचा कान दिला होता.

“सिद्धूला पण?” त्याने विचारले. 

“समद्यास्नी ठावं हाय. म्हनून तर बिल्ला मिळाला की कायतरी वंगाळ करायचं. मंग तुमी काढून घेता. मला काय करावं त्ये सुचंना, म्हनून पळालो.” गाडीची घंटा झाली. धुळा उठला नाही. “मला जेलात घाला, सायेब. तितं बिल्ला नसतो.”

गाडी आली आणि गेली. आदगोंडा धुळाला घेऊन पुन्हा चौकीवर गेला. हे नियमात बसत नाही, असे जमादाराने दोनदा बजावले. आदगोंडाने आपल्या जबाबदारीवर सही केली आणि पोराला राहीबाईच्या हवाली केले.  शेंगांची पुडी तेवढी धुळाने आत्याच्या ओच्यात टाकली.

पुढच्या गाडीने परतून तो थेट मंडळाच्या अध्यक्षांकडे गेला. लालासाहेब उसाच्या मळ्यात पंपाजवळ बाज टाकून बसले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग चहा मागवला. पोरे चोर आहेत, चोराच्या तोंडात खरे किती असते, असे सौम्यपणे म्हणून पाहिले. आदगोंडा गप्प राहिला तेव्हा त्यांनी ते सोडून दिले. याचा अर्थ, तेही हे खरे मानतच होते.

“हे बगा मगदूम, साताऱ्याच्या होमला मानूस पायजेच हाय. चार चांगलं शब्द लिवून हवालदाराला तिकडं धाडू. आपल्या होमची अब्रू ऱ्हाईल.” त्यांनी बशीत चहा ओतला. “आनि कोर्टात जानार म्हनता, तर एक सांगा. बिल्ला कुनाचा? रेडूला पोरं धाडायची अक्कल कुनाची? पयलं नाव तुमचंच निगंल गड्या.”

 त्या क्षणी त्याला जे वाटले त्याचीच त्याला पुढे सर्वांत जास्त शरम वाटत राहिली, कारण ते सुटकेचे समाधान होते. सातारा. तिथली मुले त्याने पाहिलेली नव्हती. न पाहिलेल्या मुलांना चेहरे नसतात, खांदे नसतात. त्याच्या पोरांची सुटका होईल, त्याचे नाव राहील, आणि अजिंक्यताऱ्याखालच्या कुठल्याशा खोलीत रेडिओ मोठ्याने लागेल, तो इथवर ऐकू येणार नाही. उद्या सांगतो, असे म्हणून तो निघाला. नाही म्हणाला नव्हता.

होमवर पोचला तेव्हा ऊन कलले होते. फाटकात नानासोने खाडकन सलाम ठोकला.

“गावलं का पोर, सायेब?”

“सापडले.”

“ब्येस झालं. मंग आता बिल्ला कुनाला लावायचा?” त्याने मिशीवरून बोट फिरवले. “त्यो नवा आलाय न्हवं का, औंधाकडचा. लय गुनी हाय.”

पटांगणात मुले रांगेत बसून ताटे घासत होती. औंधाकडचा मुलगा शेवटी होता, नवीन असल्यामुळे अजून कुणाशी न बोलणारा. हा प्रश्न ऐकून कुणीही मान वर केली नाही. पण राखेने घासणारे सगळे हात एकाच वेळी थांबले. आदगोंडाने ते पाहिले. हे असे हात याआधीही थांबले असतील, दर आठवड्याला, त्याने बिल्ला उंच धरला की. तेव्हा त्याला ती उत्सुकता वाटली होती. आणि साताऱ्याच्या पटांगणातही असेच हात असतील, एवढे त्याला या वेळी कळले.

“तुमच्या खोलीची किल्ली द्या,” तो म्हणाला. “आणि फाटकाबाहेर व्हा.”

नानासो हसला, मग हसायचा थांबला. काय ऐकलंसा, कुणी सांगितलं, असे त्याने विचारले. पलटणीतल्या वर्षांचा हवाला दिला. शेवटी आवाज खाली आणून, “तुमीच तर म्हनला हुता आवाज वाढवा,” एवढे म्हणाला. ते वाक्य आदगोंडाने तसेच अंगावर घेतले. किल्लीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला नाही. किल्ली त्याच्या तळव्यावर पडली. त्याने स्वयंपाकीणबाईंना मुलांपाशी बसवले आणि सायकल काढून तो थेट फौजदारांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी बालन्यायालयाच्या मॅजिस्ट्रेटांपुढे त्याने जबाब दिला, तो हवालदारापासून सुरू केला नाही. टेबलावर भोपळ्याची चकती ठेवून तो म्हणाला, “हा बिल्ला मी केला.” मॅजिस्ट्रेटांनी चष्मा काढला आणि पुढे सांगा म्हटले.

नानासोला अटक झाली. मंडळाने चौकशी होईपर्यंत आदगोंडाला रजेवर जायला सांगितले. महिनाअखेर नवा माणूस येणार होता, तोवर काम त्यानेच बघायचे होते. हाती असलेल्या दिवसांत त्याने सुतार बोलावून काळजीवाहकाच्या खोलीचे दार बिजागऱ्यांसकट उतरवले, आणि मग स्वतःच्या ऑफिसचेही. एकट्या मुलाला कुणाही मोठ्या माणसाने बंद जागेत बोलवायचे नाही, मग तो अधीक्षक असला तरी, हे त्याने मुलांनाच सांगितले, कारण कर्मचाऱ्यांना सांगितलेले मुलांपर्यंत पोचत नाही. मिरजेच्या एक डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा येऊन मुलांशी बोलायला कडुनिंबाखाली बसू लागल्या. सगळ्यांना दिसेल असे, पण कुणाला ऐकू जाणार नाही अशा अंतरावर. पहिल्या खेपेला त्यांच्याजवळ कुणी गेले नाही. दुसऱ्या खेपेला औंधाकडचा मुलगा गेला, आणि नुसता बसून परत आला.

जायच्या आदल्या दुपारी आदगोंडा वाफ्याजवळ गेला. सिद्धू झारीने पाणी घालत होता. त्याच्यापासून चार हात लांब उभे राहून आदगोंडाने म्हटले, “सिद्धू, माझे चुकले. दिवाळीला तुला घरी जाऊ दिले नाही. आणि...” पुढचे शब्द त्याने किती वेळा मनात रचले होते. त्यांतला एकही आता उभा राहीना.

सिद्धूने झारी खाली ठेवली. तो ऑफिसच्या खिडकीकडे बघत होता. फुटलेल्या तावदानाच्या जागी आदगोंडाने तेव्हा पुठ्ठा ठोकला होता, तो अजून होता.

“दगड मारला तवा वाटलं, तुमी उठून भायेर बगशीला.”

“उठलो होतो मी.”

“व्हय,” सिद्धू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “पर तुमी माज्याकडंच बगितलंसा.”

त्याने झारी उचलली आणि पुढच्या सरीला गेला.

आदगोंडा ऑफिसात आला. पकडीने खिळे उपसून त्याने पुठ्ठा काढला आणि आपल्या खुर्चीत बसला. तिथून, त्या एका चौकटीतून, पटांगण ओलांडून थेट नानासोच्या खोलीचा उंबरा दिसत होता. बाकीच्या सगळ्या तावदानांना ऊन येऊ नये म्हणून चुना फासलेला होता. दिवस मावळेपर्यंत तो तिकडे बघत बसला. कुठेही रेडिओ लागला नाही.