मूळचं छत

डेस्पिनाने गर्दीतून वाट काढत दिवाणखाना गाठला आणि मान मागे टाकून छताकडे पाहिलं. प्लास्टरच्या द्राक्षवेली चारी कोपऱ्यांतून मधल्या मोठ्या फुलाकडे सरकत होत्या. कुठे तडा नाही, कुठे फुगवटा नाही. भाचीच्या लग्नाला यावं तशी ती आज इस्त्रीचा शर्ट घालून आली होती.

शनिवार होता. टुराक या श्रीमंत उपनगरातल्या या हवेलीचा लिलाव अकराला बाहेरच्या हिरवळीवर व्हायचा होता. तोवर घर सगळ्यांना खुलं होतं. दलाल फर्गस शेकोटीपाशी उभा राहून सांगत होता, "छत मूळचं आहे. एकशे तीस वर्षांत कुणी हात लावलेला नाही."

डेस्पिनाचे हात चौदा महिने लागले होते. ती पहिल्यांदा आली तेव्हा वेलीच्या जागी आतल्या नुसत्या लाकडी पट्ट्या दिसत होत्या. शाबूत उरलेल्या एका पानाचा साचा काढून तिने बाकीचं सगळं घडवलं होतं. कालच फर्गसने फोनवर बजावलं होतं, "उद्या तोंड उघडू नकोस, बाई. शेजारच्या घराचं काम तुलाच देतोय ना?"

तपकिरी स्वेटर घातलेल्या एका म्हाताऱ्याने काठी वर केली.

"सगळं मूळचं?"

"अगदी पान न् पान."

"नाही हो," डेस्पिना म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. "ते मी केलंय. एक पान तेवढं जुनं."

फर्गस हसला आणि घड्याळात पाहून लोकांना बाहेर न्यायला लागला. तिच्या जवळून जाताना पुटपुटला, "शेजारचं घर विसर आता."

डेस्पिनाने तळवे शर्टाला पुसले. म्हातारा जागचा हलला नव्हता.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "एकसष्ट साली इथे भाड्याच्या सहा खाटा होत्या. आम्ही सगळे इटलीहून बोटीने आलेलो. माझी खाट खिडकीखाली. एका रविवारी छत थेट माझ्या पायांवर. मालक म्हणाला, खाट सरकवून घे."

"मग विचारलंत कशाला?"

"तो काय सांगतो ते ऐकायचं होतं." तो खिडकीपाशी गेला. "आता पडेल?"

"नाही."

"इतकी खात्री?"

"माझ्या नातीला खाली झोपवीन."

बाहेर बोली चढत होती. म्हातारा थोडा वेळ ऐकत राहिला.

"मुलगी म्हणते, ब्याऐंशीव्या वर्षी हा उपद्व्याप कशाला. तिचं बरोबरच आहे. जरा ही खिडकी उघडता?"

डेस्पिनाने तावदान वर सरकवलं. म्हाताऱ्याने डोकं बाहेर काढलं आणि जन्मभर काँक्रीटच्या यंत्रांच्या घरघरीत ओरडून कमावलेल्या आवाजात म्हणाला, "अजून एक लाख!"

हिरवळीवरची सगळी डोकी वळली.

"साहेब," फर्गस बाहेरून म्हणाला, "घर नीट पाहिलंय ना तुम्ही?"

"पाहिलंय. दोन वर्षं, उताणं पडून."

कुणीतरी हसलं. फर्गसने तीनदा आकडा पुकारला. पुढची बोली आली नाही.