डोळे बांधून वाचणारी मुलगी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पालक भिंतींना टेकून उभे होते, वरच्या वर्गांतली मुलं खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसली होती, आणि रंगमंचावर आठवीतली एक मुलगी डोळ्यांना जाडजूड काळी पट्टी बांधून वर्तमानपत्र वाचत होती. मथळा वाचला, खालची बातमी वाचली, शेजारच्या जाहिरातीतल्या मोटारीचा रंगही सांगितला. पट्टी आधी दोन पालकांनी स्वतः तपासली होती. आत स्पंज, वर मखमल, उजेडाचा कण आरपार येत नव्हता. तिचं वाचून झालं तेव्हा टाळ्यांनी छताचे पत्रे हादरले.

मुलगी माझ्या वसतिगृहातली होती. अंगानं एवढीशी आणि सदा टुणटुणत असायची म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. मी त्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मुलींच्या वसतिगृहाची देखरेखही माझ्याकडेच होती. एरवी शाबासकी मिळाली की चिमणी पाठीच्या कण्यापासून हसायची. त्या दिवशी पट्टी काढल्यावर ती हसली नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

हा सगळा चमत्कार घडवणारे गृहस्थ स्वतःला प्रज्ञागुरू म्हणवून घेत. राखाडी सूट, कानाला अडकवलेला माइक, आणि तोंडात अखंड तरंग. मेंदूचे तरंग, विश्वाचे तरंग, आईच्या मायेचे तरंग. ऐकणाऱ्याला प्रश्न विचारावासा वाटेल तिथे बरोबर एखादा तरंग येऊन तो प्रश्न वाहून नेत असे. डोळा म्हणजे नुसती खिडकी, ते सांगत, घरमालक आत मधल्या मेंदूत झोपलेला आहे, आम्ही फक्त त्याची झोपमोड करतो. या झोपमोडीचा वर्ग आमच्या शाळेत रोज शेवटच्या तासाला भरू लागला होता. मुलांना दिलेल्या सूचना मात्र अगदी साध्या होत्या. वस्तू नाकाजवळ धरायची, कारण रंगाला वास असतो. पट्टीला हात लावायचा नाही. आणि शंका घ्यायची नाही, कारण एकाच्या शंकेनं सगळ्यांचे तरंग तुटतात.

आमच्या शाळेत वसतिगृहातली मुलं आणि घरून येणारी मुलं यांचं कधी पटायचं नाही. एक गट दुसऱ्याला डबेवाले म्हणायचा, दुसरा पहिल्याला कोठडीवाले. खेळात बाजू तशाच पडायच्या, भांडणंही तशीच व्हायची. चिमणीची जिवलग मैत्रीण मात्र डबेवाल्यांतली होती. तिचा चष्मा इतका जाड की तिचं नाव भिंग पडलं होतं. भिंग दुपारचा डबा तिच्यासमोर उघडायची आणि चिमणी तिला फळ्यावरचं हळू आवाजात वाचून दाखवायची. वर्गात बोलू नये हा नियम माझाच, पण ती कुजबुज मला कधी ऐकू आली नाही.

भिंगच्या डोळ्यांतला दाब वाढलेला होता. सकाळ-संध्याकाळ थेंब घालावे लागत आणि येत्या सुट्टीत ऑपरेशन ठरलं होतं. तिच्या वडिलांचा लाकडी फर्निचरचा कारखाना होता. माणूस कष्टाळू, मुलीवर जीव टाकणारा, आणि ऑपरेशन या शब्दाला मनातून घाबरणारा. त्यांच्या आईचा डोळा फार पूर्वी अशाच एका ऑपरेशननंतर गेला होता. त्या दिवशी सभागृहात ते पहिल्या रांगेत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर ते मुलीचा हात धरून प्रज्ञागुरूंकडे गेले. काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. गुरूंनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं की हिला डोळ्यांची गरजच पडणार नाही, मग चिरफाडीची घाई कशाला. आणि थेंबांचं म्हणाल तर, ते बाहेरच्या डोळ्याला जपतात आणि आतल्याला झोपवतात. थेंब बंद करा असं ते म्हणाले नाहीत. अशी माणसं तसं कधीच म्हणत नाहीत.

भिंग गुरूंच्या वर्गात जायला लागली. बाकीची मुलं भराभर वाचायला लागली आणि तिला एक रंगही सांगता येईना. नाकापाशी धरलेला कागद ती हुंगत राही. गुरू सगळ्यांदेखत उसासा टाकून म्हणायचे की या बाळाच्या घरात कुणाच्या तरी मनात शंका आहे. हे कानावर आलं की घरी वडील स्वतःच्या मनात शंका शोधत बसायचे.

एके दिवशी प्रयोगशाळेतून निघताना भिंग दाराच्या चौकटीवर आपटली. मी तिला बाकावर बसवलं. डोकं दुखतंय म्हणाली, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात म्हणाली. थेंब घालतेस ना, असं विचारल्यावर तिनं मान खाली घातली. थेंब बंद होते. डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाण्याचा दिवसही टाळला होता.

मी तशीच कारखान्यात गेले. वडिलांनी करवतीचं यंत्र थांबवलं, मला खुर्ची दिली, सगळं नीट ऐकून घेतलं. दाबानं डोळ्यामागची नस मरत जाते, मेलेली नस परत येत नाही, हे मी त्यांना चार प्रकारे सांगितलं. ते रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“बाई, तुमचं पुस्तक खरं असेल,” ते म्हणाले. “पण मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुमच्याच वसतिगृहातली पोर वाचत होती. ती खोटं बोलत होती का, सांगा.”

चिमणी खोटं बोलणारी मुलगी नव्हती. मुख्याध्यापकांकडे गेले तर त्यांनी पालक किती खूश आहेत ते सांगितलं, पुढच्या वर्षीच्या प्रवेशांचं सांगितलं, आणि स्नेहसंमेलनात प्रज्ञागुरूंचा मोठा कार्यक्रम ठरल्याचंही सांगितलं. त्या कार्यक्रमात भिंगला सर्वांसमोर जागृत करणार होते. आपल्या विषयाबाहेर बोलू नये, असा सल्लाही त्यांनी गोड शब्दांत दिला.

संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी अभ्यासाच्या तासाला मी चिमणीला माझ्या खोलीत बोलावलं. काही विचारलं नाही. सरावाची एक पट्टी मी आणून ठेवली होती, ती तिच्यासमोर स्वतःच्या डोळ्यांवर बांधली. आधी काळोख. मग जरा हनुवटी उचलली, गाल सैल सोडले, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना उजेडाची एक बारीक चीर उघडली. नाकामुळे तिथं पट्टी टेकत नाही, कुणाचीच टेकणार नाही. मी तिचं भूगोलाचं पुस्तक नाकाखाली धरलं आणि धडा वाचायला लागले. नद्यांच्या उगमापाशी पोचले तेव्हा समोरून हुंदका आला.

“बाई, तुम्हालाही खालून दिसतं?”

पट्टी काढून तिला जवळ घेतलं तेव्हा तिच्या मनात साठलेलं सगळं बाहेर पडलं. तिला पहिल्या दिवसापासून खालून दिसत होतं. गुरूंना तिनं तसं सांगितलंही होतं. ते हसून म्हणाले, सुरुवातीला डोळा मदत करतो, ती फट आहे असं समजूच नकोस, तिथूनच शक्ती शिरते. बाकीची मुलं खरोखर मेंदूनं वाचतात आणि आपण एकटी चोर आहोत, असं ती इतके दिवस धरून चालली होती. आणि आपण तोंड उघडलं तर सगळ्यांचे तरंग तुटतील, भिंगला कधीच दिसणार नाही, ही भीती तिच्या उरावर बसली होती. मैत्रिणीचे डोळे वाचावेत म्हणून ती पोर गप्प राहिली होती, आणि त्या गप्प राहण्यानंच मैत्रिणीचे डोळे चालले होते.

मी तिला ते समजावलं, पण उद्या तू काही बोलायचं नाहीस, मी बोलेन, असंही सांगितलं. तेरा वर्षांच्या मुलीला भरल्या सभागृहात उभं करणं मला पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भिंग रंगमंचावर खुर्चीत बसली. पट्टी बांधली. प्रज्ञागुरूंनी तिच्या नाकाजवळ लाल कार्ड धरलं. ती म्हणाली, निळं. हिरवं धरलं, ती पिवळं म्हणाली. चष्म्याशिवाय तिला फटीतूनही धड दिसत नव्हतं, म्हणून त्या वर्गात चोरून न बघणारी तीच एक होती. सभागृहात कुजबुज सुरू झाली. गुरूंनी हात जोडून सांगितलं की इथे कुणीतरी शंका घेऊन बसलं आहे. मागून एकजण ओरडला की त्याला बाहेर काढा.

मी उठून रंगमंचावर गेले. मुख्याध्यापकांनी हातानं खूण करून थांबवायचा प्रयत्न केला, मी तिकडे पाहिलं नाही. शंका मी घेतली आहे असं सांगितलं, पट्टी मागून घेतली, बांधली, आणि एका पालकांनी दिलेलं पत्रक घडाघडा वाचून दाखवलं. मी एकही वर्ग केलेला नाही, असं म्हणून मी पट्टी काढली. आता लोकांना कळेल असं मला वाटलं होतं.

“बघा, बघा,” प्रज्ञागुरू माइकवर म्हणाले. “नुसतं या सभागृहात बसून बाईंचाही मधला मेंदू जागा झाला. टाळ्या द्या बाईंना.”

आणि लोकांनी टाळ्या दिल्या. माझा पुरावा त्यांनी माझ्यादेखत खिशात घातला होता. मी आजाराच्या खोलीतून आणलेला कापूस दाखवला, नाकाजवळची फट बुजवून मुलांकडून वाचून घ्या असं मी म्हणाले, तर गुरू गंभीर झाले. श्वासाच्या वाटेवर अडथळा आला तर मुलांच्या मेंदूला इजा होईल, जबाबदारी बाई घेणार का, असं त्यांनी पालकांना विचारलं. पालक चिडले. कुणीतरी मला खाली उतरा म्हणालं.

तेवढ्यात चिमणी रांगेतून उठली. मी नको म्हणून मान हलवली, पण ती पायऱ्या चढून आली होती. तिनं माझ्या हातातला कापूस घेतला आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना स्वतःच दाबून बसवला. मी वर पट्टी बांधली. मग ती भिंगच्या वडिलांना म्हणाली, “काका, तुम्ही पेपर धरा.”

ते वर आले. त्यांनी वर्तमानपत्र तिच्या नाकाखाली धरलं. चिमणीनं मान वर केली, खाली केली, आणि सरळ उभी राहिली.

“मला काही दिसत नाही, काका. त्या दिवशी मी खालून बघून वाचलं होतं. रोजच खालून बघते.”

मग वर्गातल्या मुलांच्या रांगेतून एक मुलगा उठून म्हणाला, “मीपण.” त्याच्या शेजारची मुलगी रडायला लागली आणि रडत रडतच म्हणाली की तिलाही खालूनच दिसतं. एकेक करून सगळे उठले. ते एकमेकांकडे ज्या नजरेनं पाहत होते ती मी विसरणार नाही. प्रत्येकाला वाटत होतं की खोटा आपण एकटाच आहोत.

प्रज्ञागुरू नकारात्मक तरंगांबद्दल दोन वाक्यं बोलून पडद्यामागे गेले. कानाचा माइक बंद करायचं विसरले होते, त्यामुळे गाडी मागच्या फाटकाशी लाव, हे ड्रायव्हरला सांगितलेलं सगळ्या सभागृहानं ऐकलं.

मुख्याध्यापकांना नंतर मुलांना शिक्षा करायची होती, फसवणूक केली म्हणून. मी म्हणाले, आधी टाळ्या वाजवणाऱ्यांना करा. विषय तिथेच थांबला.

भिंगचे वडील त्याच दिवशी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. ऑपरेशन लगेच झालं आणि दाब आटोक्यात आला. पण थेंब बंद असताना डाव्या डोळ्याच्या कडेची जी नजर गेली ती गेली. डाव्या बाजूनं कुणी आलं की तिला आता मान वळवावी लागते. प्रज्ञागुरू दुसऱ्या एका गावातल्या शाळेत वर्ग भरवू लागल्याचं कळलं, तेव्हा वडिलांनी कारखाना बंद ठेवला आणि ते त्या कार्यक्रमाला गेले. पहिल्याच रांगेतून उठून त्यांनी एवढंच विचारलं की कागद नाकाखाली धरण्याऐवजी मुलाच्या डोक्यामागे धरू का. तिथला कार्यक्रम तेवढ्यावर संपला.

त्या मुलांमध्ये लबाड कुणी नव्हतं, आणि टाळ्या वाजवणारे पालकही मूर्ख नव्हते. शंका घेणं म्हणजे पाप, एवढी एकच गोष्ट त्यांच्या गळी उतरवली होती, बाकीचं काम आपोआप झालं. म्हणून तुमच्या मुलाच्या शाळेत उद्या कुणी असा चमत्कार घेऊन आलं, तर उठून उभे राहा आणि विचारा. खरी गोष्ट विचारण्यानं तुटत नाही. आणि दवाखान्यात जायचा दिवस कुणाच्याही शब्दावर टाळू नका.