सचिवांना ऐकू न येणारी सूचना

पिंपळे गुरवच्या त्या सोसायटीत सदाशिवराव सचिव झाले ते डोळे गेल्यावर. आधीच्या डोळस सचिवांना गच्चीवरची गळकी टाकी तीन वर्षं दिसली नव्हती, तेव्हा आंधळा काय वाईट, असा सभासदांनी पोक्त विचार केला. आकुर्डीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मरगळलेला माणूस पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालू लागला.

सोसायटीची वेबसाइट सुनेनं, सुखदानं, बनवली. सदाशिवराव स्क्रीन रीडर लावून, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचणाऱ्या आवाजाच्या मदतीनं, एकेक पान तपासत.

"सुखदा, हे बटण नव्हे, बटणासारखा रंगवलेला डबा आहे. खरं बटण टाक. आणि मथळ्याला मथळाच म्हण बाई, नुसती अक्षरं जाड करून मला काय कळणार?"

ती निमूट बदलायची. फुलापानांच्या नक्षीला एरिया-हिडन ही कोडमधली खूण लावायची, हेही त्यांनीच शिकवलं. ते लावलं की वस्तू डोळ्यांना दिसते, पण आवाज तिला ओलांडून पुढे जातो.

शुक्रवारी ते सूचना ऐकत होते. पाणी, लिफ्ट, गणपती. पुढच्या लिंकवर नेणारी टॅबची कळ दाबली आणि आवाज एकदम गप्प. मागे गेले, पुन्हा पुढे आले. तिथं काहीतरी होतं, पण बोलत नव्हतं. त्यांनी एंटर दाबला.

उघडलेलं पान मात्र घडाघडा बोललं. रविवारी विशेष सभा. विषय, नवीन सचिव निवडणे. उमेदवार, सोपानराव. सूचक, गणराज.

गणराज त्यांचा मुलगा. आवाजानं त्याचं नाव लिफ्टच्या दुरुस्तीइतक्याच मायेनं उच्चारलं.

एरिया-हिडन हे प्रकरण साऱ्या बिल्डिंगमध्ये दोघांनाच ठाऊक होतं.

"सुखदा, सूचना झाकलीस, पण लिंक उघडी ठेवलीस. टॅबला सापडते ती. अर्धवट काम."

"आप्पा..."

"कधी लावलीस?"

"सोमवारी."

"तरीच जिन्यात सगळे अदबीनं बोलताहेत. मला वाटलं, लिफ्ट सुरू झाली म्हणून."

"तुम्हाला लागलं असतं हो. हेच म्हणाले, इतक्यात कळायला नको."

"आणि रविवारी?"

"तुम्हाला देहूला नेणार होतो. दर्शनाला."

"वा. देवालाही सामील केलंत. सोपानरावांनी काय कबूल केलंय गणराजला?"

"शेडखालचं पार्किंग."

सदाशिवरावांनी घसा खाकरला. "अर्ज उद्यापर्यंत घेतात. मी उभा राहतो. सूचक म्हणून तू सही कर."

"आप्पा, महाळुंग्याला यांची रात्रपाळी असते. दिवसभर गाडी उन्हात तापते हो."

सदाशिवरावांनी मान हलवली. उन्हापुढे त्यांच्याकडे मुद्दा नव्हता. सूचकाची सही मागायला चाचपडत ते शेजारच्या सुमनताईंच्या दाराशी गेले आणि बेल वाजवली. आत मोठ्यानं चाललेला टीव्ही बंद झाला. दार काही उघडलं नाही.