एकसष्ट नंबर

“अंगात काय होतं त्यांच्या?” मॉलच्या सुरक्षारक्षकाने विचारलं.

रूनेला आठवेना. सकाळी बायकोच्या कोटाची बटणं त्यानेच लावली होती.

“कोट. निळा... नाही, करडा असेल.”

“काका, आत्ता इथे निम्मं शहर करड्या कोटात फिरतंय. स्पीकरवर नाव पुकारू?”

“तिला स्वतःचं नाव कळेलच असं नाही.”

पुरुषांच्या स्वच्छतागृहाबाहेरच्या बाकावर त्याने गुन्वरला बसवलं होतं. तीन मिनिटं. बाहेर आला तेव्हा बाकावर फक्त तिचे हातमोजे होते. त्याला आता चाळीस मिनिटं झाली होती. मॉलला सहा दारं, आणि प्रत्येक दाराबाहेर उणे अकरा अंश थंडी.

एवढा वेळ तो एकटाच धावत होता. हरवल्याची नोंद झाली की मुलीला कळणार. वृद्धाश्रमात एक जागा रिकामी झाली होती; सोमवारपर्यंत कळवायचं होतं. “बाबा, आई पुन्हा हरवली तर मी तुमचं काही ऐकणार नाही,” मालिनने बजावलं होतं.

रक्षकाचा वॉकीटॉकी खरखरला. औषधांच्या दुकानात एक बाई बसल्यात, उठतच नाहीत.

गुन्वर खुर्चीत ताठ बसली होती. कोट लाल होता. चिमटीत टोकन होतं, एकसष्ट. फलकावर एकशे चार.

“यांचा नंबर कधीच गेला,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “या पुढे म्हटलं, तर म्हणतात, मी रांग मोडत नाही.”

एकतीस वर्षं गुन्वर पोस्टाच्या खिडकीमागे बसली होती. टोकन नसलेल्या माणसाला तिने कधी उभं केलं नाही. रूने पहिल्यांदा तिच्याकडे तिकिटं घ्यायला गेला, तेव्हा त्यालाही तिने परत पाठवलं होतं.

“गुन्वर, चल. घरी जाऊ.”

तिने मान वर केली. “टोकन घेतलंत का?”

“अगं, मी...”

“सगळे थांबलेत. मध्ये घुसू नका.”

रूने कोपऱ्यात गेला. मालिनला फोन लावला.

“वृद्धाश्रमाला हो म्हणून कळव.”

“बाबा? आई कुठेय?”

“इथेच आहे. सापडली.”

मग त्याने यंत्रातून टोकन ओढलं आणि तिच्या शेजारी बसला. तिने हात पुढे करून ते तपासलं.

“एकशे सात. माझ्यानंतर आहात,” ती म्हणाली. “बसा. वेळ लागेल.”

त्याने खिशातून तिचे हातमोजे काढले आणि मांडीवर धरून तो बसून राहिला.